डाव्या कानावरचा हात

शुक्रवार, १० ऑक्टोबर १९५२, हलब (अलेप्पो), सीरिया

उतरला! काल रिद्वानचा सिकाह उतरला आणि मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

मुनीब एफेंदींच्या अंगणातली नेहमीची गुरुवारची बैठक. वस्ला, म्हणजे एकात एक गुंफलेली सगळी गाणी, काल पहिल्यांदाच या पोराच्या हाती दिली होती. पुढे तो, बाकीचे मागे साथीला. सव्वीस वर्षांचा आहे, दिवसा खुर्च्या विणतो. आवाज सुरेख, ते मी नाकारत नाही. रास्त मकामाची स्वरमाळ धरली. पहिली पायरी छान, दुसरी छान, आणि तिसरीवर, सिकाहवर, घसरला. आमचा सिकाह कोमल म्हणावा तर चढलेला, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. मधे कुठेतरी त्याचं घर आहे आणि ते कागदावर लिहून दाखवता येत नाही. हलबचं वेगळं, कैरोचं वेगळं. कैरोचं जरा खाली.

मी खांबाजवळच्या माझ्या गादीवर होतो. डावा कोपर उशीवर, डावा तळहात कानावर गच्च, डोळे मिटलेले. सत्तावीस वर्षं असाच ऐकतोय. पोरंसोरं माझी नक्कल करतात म्हणे. गाणं फिरून घरी आलं, कफ्ला झाला, आणि सगळे माझ्या ‘आह’ची वाट बघत थांबले. माझी आह मिळाली की गायक हलबचा झाला, अशी इथली रीत आहे. मी डोळे उघडले आणि म्हणालो,

“हा सिकाह कैरोच्या रेडिओवरून आणलास बाळा. परत करून ये.”

हशा पिकला. पोराचं तोंड उतरलं. वस्ला त्यानं पुरी केली, एवढं मात्र खरं. मग कॉफी न घेता निघून गेला.

अंतून तेवढा हसला नाही. मांडीवरच्या कानूनवर, त्याच्या तंतुवाद्यावर, कापड टाकलं, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, मला नावानं, सुब्ही म्हणून, हाक मारणारा तो एकटाच. त्याच्या हातांची चुळबुळ मला कळते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

बातमी बाजारात पोचली. दुकानात रेशमाचा दोरा घ्यायला आलेल्या तिघांनी विचारलं. रिद्वानला ‘कैरोवाला’ म्हणायला लागलेत. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू? कुणीतरी राखण करायला हवीच की.

पण अंतून का हसला नाही?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

उम्म रिद्वान आली होती. त्या पोराची आई. शिवणकाम करते, दहा-बारा वर्षं दोरा माझ्याकडूनच नेते. मला वाटलं भांडायला आली. तर तिनं हिरव्या कापडाचा तुकडा पुढे केला, याला जुळणारा दोरा द्या म्हणाली. मी सहा हिरवे काढले, तिसरा जुळला. तिनं पुडी घेतली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

“अबू नाजी, आमच्या घरी रेडिओ नाही. कधीच नव्हता.”

मी काहीतरी पुटपुटलो — हल्ली चहाच्या दुकानातसुद्धा वाजत असतो, वगैरे. ती म्हणाली, तो त्याच्या बापाकडून शिकला. बाप गेला तेव्हा हा चौदाचा. बापानं शिकवलं ते जसंच्या तसं जपलं, पुढे कुणाचं घेतलंच नाही. आता खुर्च्या विणतानाही तोंड उघडत नाही. एवढं सांगून गेली. आवाज एकदासुद्धा चढवला नाही तिनं.

तिचा नवरा मला आठवतो. खालच्या मशिदीत पठण करायचा. त्याचा सिकाह कसा होता? चोख होता. मीच त्याला आह दिली होती!

मग मुलाचा कसा उतरेल?

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

काल बैठकीत शेख ममदूह गायले. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीतले मुअज्जिन, जाडजूड माणूस, पण गळा लोण्याचा. सिकाह अगदी जागेवर! मी आह दिली, लांब दिली. जिवाला जरा शांत वाटलं. म्हणजे कान ठीक आहे, चूक त्या पोराचीच.

पण आह देऊन डोळे उघडले तेव्हा ममदूह अंतूनकडे बघत होते. अंतूननं मान खाली घातली. दोघांचं काय चाललंय?

रविवार, १९ ऑक्टोबर

विचित्र झालं. लिहून ठेवतो.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. डाव्या कुशीवर. अस्रची अजान सुरू झाली, ममदूहचा आवाज, रास्तमध्येच. पडल्या पडल्या ऐकत होतो. सिकाह आला, छान, जागेवर. पायात गोळा आला म्हणून कूस बदलली. उजव्या कुशीवर झालो. पुढच्या ओळीला तोच सिकाह आला — चढलेला! चांगला केसभर वर!

उठून बसलो. माणूस एका अजानमध्ये दोन सिकाह कसे लावेल?

सोमवार, २० ऑक्टोबर

ममदूहना गाठलं. विचारलं, काल अजान देताना मधे काही झालं का, ठसका वगैरे? म्हणाले, नाही. आणि घाबरल्यासारखे विचारायला लागले, “वाईट लागला का, अबू नाजी? वर हवा होता का?” वर हवा होता का! हा काय प्रश्न आहे?

घरी येऊन चहाचा पेला चमच्यानं वाजवला. एकदा डावा कान बंद करून, एकदा उजवा. नीट कळेना. पाणी ओतलं, थोडं काढलं, पुन्हा वाजवला. बायको, उम्म नाजी, वांग्यांत अक्रोड भरत बसली होती. यंदा शंभर वांगी तेलात मुरवायची आहेत तिला. दोन-तीन वांगी भरून झाली. मग म्हणाली, कॉफी हवी असेल तर तोंडानं सांगा की. मी म्हटलं, स्वर शोधतोय. त्यावर म्हणाली, शोधा, फक्त गाऊ नका. तुम्ही गुणगुणलात तर दही लागत नाही.

खरंच आहे ते. मी गात नाही. आठ वर्षांचा असताना उस्तादानं माझ्या तोंडावर हात ठेवला होता — देवानं तुला गळा द्यायचं विसरून दोन माणसांचे कान दिलेत, तू ऐक. तेव्हापासून ऐकतोय.

बुधवार, २२ ऑक्टोबर

डावा. उजवा. डावा. उजवा. सातव्या पेल्यावर कळलं. फरक आहे.

खालच्या स्वरांना नाही. वर चढत गेलं की एका ठिकाणी, नेमका सिकाह असतो तिथं, उजवा कान खाली ऐकतो. केसभर. पण आमचा सगळा खेळच केसभराचा आहे.

आणि मी बैठकीत डावा कान झाकून बसतो.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

काल गेलो नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. पोट बिघडल्याचा निरोप धाडला. मुनीब एफेंदींनी सफरजल फळाचा मुरंबा पाठवला, त्यानं खरंच बिघडलं.

एकच विचार फिरतोय. माझा उजवा कान खाली ऐकत असेल, तर त्या दिवशी रिद्वान बरोबर होता. ठीक. पण मग ममदूहचा सिकाह मला बरोबर कसा लागतो? बाकी सगळे मला बरोबर कसे लागतात?

सोमवार, २७ ऑक्टोबर

दुपारीच दुकान बंद केलं आणि अंतूनकडे गेलो. म्हटलं, कानून काढ, रास्त वाजव, सावकाश. त्यानं ‘का’ म्हणून विचारलं नाही.

आधी माझ्या सवयीनं ऐकलं, डावा कान झाकून. सिकाह चोख. मग हात बदलला. उजवा झाकला, डावा मोकळा. चढलेला! अगदी अजानसारखा!

“तुझं कानून चढलंय,” मी म्हणालो.

त्यानं बोटांतल्या नख्या काढून ठेवल्या. “चढलेलं नाही सुब्ही. चढवलंय. तीन वर्षं झाली.”

मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी ममदूहना लागोपाठ दोन गुरुवार नावं ठेवली होती. ममदूह रडकुंडीला येऊन अंतूनकडे गेले. अंतूनला माहीत होतं की त्यांचा सिकाह बरोबर आहे. दोघांनी बसून वर-खाली करून पाहिलं. तिसऱ्या गुरुवारी ममदूहनी तो केसभर वर लावला आणि मी एवढी लांब आह दिली की यजमान उठून उभे राहिले. मला आठवतोय तो दिवस! तिथून सगळ्यांनीच धरलं. अंतूननं कानूनवर सिकाहची तार जिथं टेकते ती खिटी उचकटली आणि नवी, जरा पुढे, सरसानं चिकटवली. जुन्या खिटीची खूणही तासून टाकली, मला दिसू नये म्हणून.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

“काय सांगू? सुब्ही, तुझा कान गेला? त्यापेक्षा खिटी हलवणं सोपं होतं.”

रिद्वानला सांगितलं होतं म्हणे. आदल्या दिवशी बाजूला घेऊन — जरा वर लाव, अबू नाजींना तसा आवडतो. पोरगा म्हणाला, “काका, पण तो तिथं नाहीये.”

तो तिथं नाहीये! आणि मी त्याला कैरोला पाठवलं.

निघताना विचारलं, आता तुला कुठला बरोबर वाटतो? त्यानं तार छेडली, डोकं हलवलं. म्हणाला, मला विचारू नकोस. तीन वर्षं हेच वाजवतोय. मला आता हाच बरोबर वाटतो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

राग येतोय आणि तो कुणावर काढावा कळत नाही. अंतूनवर? त्यानं माझी लाज राखली. ममदूहवर? ते मला घाबरतात. मला घाबरतात! मी कैरोच्या रेडिओला शिव्या देत बसलो होतो, आणि आमच्या बैठकीचा सिकाह मी घालवला. गादीवर बसून, डोळे मिटून, आह करत.

सांगायचं तर खांबाजवळची गादी गेली. मग मी कोण? एक दोरेवाला. हलबमध्ये दोरेवाले पन्नास आहेत. न सांगावं तर तो पोरगा जन्मभर कैरोवाला. सकाळपासून अंगणात फेऱ्या मारतोय. एका फेरीला ठरतं, दुसऱ्या फेरीला फिसकटतं.

शेवटी उम्म नाजीला सांगितलं. वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, मला ठाऊक आहे. उजव्या बाजूनं हळू बोललं की तुम्हाला कळत नाही, म्हणून दोन वर्षं झाली, मी डावीकडे झोपते. आणि मला वाटायचं, तिनं खिडकीच्या गारव्यासाठी जागा बदलली!

म्हणजे घरातही खिटी हलवलेली.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सकाळी रिद्वानच्या घरी गेलो. सगळं सांगून मोकळं व्हायचं असं ठरवूनच गेलो होतो. तो कामावर गेला होता. उम्म रिद्वाननं वेताच्या मोढ्यावर बसवलं, कॉफी दिली. आणि मी तोंड उघडायच्या आधी तीच हसून म्हणाली,

“अबू नाजी, तुमचं म्हणणं त्यानं मनावर घेतलं. गेले दहा दिवस ममदूह शेखांकडे जातोय. सापडली ती वरची जागा. तुम्ही रागावलात म्हणूनच सापडली.”

हातातली बशी मी खाली ठेवली. पुढच्या गुरुवारी पुन्हा गाणार आहे, म्हणाली. तुमची आह मिळाली की शाबान महिन्यात लग्नाचं बघायचं.

मी कॉफी चांगली झालीय म्हणालो आणि उठलो. भित्रा! वाटेत तीनदा मागे वळलो आणि तिन्ही वेळा पुन्हा घराकडे. आजच्या बैठकीलाही जाणार नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

झोप नाही. भूक नाही. वांगी तयार झाली, एक खाल्लं, चव लागली नाही. परवा गुरुवार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सांगितलं.

काल अंगण भरलं होतं. कैरोवाला परत गातोय म्हणून एरवी न येणारेही आले होते. मी गादीवर बसलो, पण हात बदलला. उजवा कान झाकला. कुणाच्या लक्षात आलं नाही, अंतूनच्या आलं.

रिद्वाननं रास्त धरला. पहिली, दुसरी, आणि सिकाह — वर. केसभर वर, सफाईनं, न चुकता. तीन आठवड्यांत किती घोटलं असेल! बापाची ठेव होती ती, माझ्यापायी मोडली त्यानं. कफ्ला झाला. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. त्याचेही. असा आशेनं बघत होता की मला ती आह देऊन टाकावीशी वाटली. तोंडापर्यंत आली होती.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, हा चुकीचा आहे. त्या दिवशीचा बरोबर होता. माझा उजवा कान बिघडलाय, तीन वर्षं झाली. तुम्ही सगळे माझ्या बिघडलेल्या कानाला गाताय. मग रिद्वानकडे वळून म्हणालो, चूक माझी होती बेटा, तुझी नव्हे. माफ कर आणि वडिलांचा सिकाह लाव.

रिद्वाननं डोळे मिटले आणि लावला. खाली गेला. फार खाली. पुन्हा लावला. वर. मी म्हणालो, जरा उतरव. उतरवला तर पार कोमलवर आला. सांगून ही जागा सापडत नाही, दाखवावी लागते. ममदूहनी लावून पाहिला — वर. साथीतल्या म्हाताऱ्या सारंगीवाल्यानं लावला, तोही वर. अंतूननं खिटीच्या अलीकडे नखानं तार दाबली, इकडे-तिकडे सरकवली, हात उचलला. प्रत्येकाचा वेगळा. वाद सुरू झाला. मी मधे बोलायला गेलो तर ममदूह कडाडले,

“आता तुमच्या कुठल्या कानाचं ऐकायचं, अबू नाजी?”

बरोबरच आहे. खाली बसलो.

रिद्वान जाता जाता माझ्यापाशी थांबला. रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, “काका, बाबांचा आवाज आठवतो, सगळं आठवतं. तो एक स्वर तेवढा आठवत नाही.”

रविवार, ९ नोव्हेंबर

अंतून येऊन गेला. जुन्या खिटीची जागा शोधतोय, मिळत नाही. तासताना लाकूडही गेलं. गावात इतर जण आहेत की, मी म्हटलं. म्हणाला, इतरांचा त्यांच्या मोहल्ल्याचा. आपला आपल्याकडेच होता, या एका अंगणात.

मुनीब एफेंदींचा निरोप — गादी तुमचीच आहे. मी कळवलं, येणार नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुकानात हिरवे दोरे लावत होतो. बसल्या बसल्या एकदम लक्षात आलं आणि लडी हातातून पडली.

ते सगळे तीन वर्षं वर गात होते. पण माझा कान त्याला खाली ओढत होता. म्हणजे मला, एकट्या मला, दर गुरुवारी जुनाच सिकाह ऐकू येत होता! त्यांच्या आठवणीतला स्वर सरकला. माझ्या आठवणीतला सरकलाच नाही. म्हणून तर डाव्या कानाला कानून चढलेलं लागलं. त्या घराचा पत्ता सगळ्या बैठकीत आता एकालाच माहीत आहे, आणि त्याला गळा नाही.

दही लागणार नाही आज. मोरीत दार लावून उभा होतो. उम्म नाजीनं दोनदा विचारलं, आत कोण किंचाळतंय?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल मी गायलो. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, गादीवर नव्हे, गायकाच्या जागी उभं राहून. उजव्या कानावर तळहात गच्च दाबला, डावा मोकळा ठेवला, डोळे मिटले. पहिली पायरी, दुसरी, मग सिकाह. आवाज फाटला. मागे कुणीतरी हसलं. फाटक्या आवाजानंच तो धरून ठेवला, सोडला नाही, आणि कसाबसा कफ्ल्याला येऊन थांबलो. डोळे उघडायचा मला धीर होईना.

मग समोरून आह आली. लांब, अगदी आतून आलेली. डोळे उघडले तर रिद्वान होता. दोन्ही हात मांडीवर, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.